येवल्याचे ‘सोयक’ : बिघडलेल्या फाइली आणि एक शब्दसूची

येवल्यात एखादा जुना वाडा पाडायला काढला की माळ्यावरून हमखास एखादे बोचके खाली येते. फडक्यात बांधलेले कागद, कडा खाल्लेल्या, शाई फिकट, लिपी मोडी. घरातल्या कोणालाही ते वाचता येत नाहीत, तरी ते फेकण्याचे धाडस सहसा होत नाही. कोणी तरी जाणकार भेटेल, वाचून सांगेल, असा विश्वास असतो आणि तो बव्हंशी खरा ठरतो. मोडीचे वर्ग चालतात, पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि ते वाचणारे थोडे का होईना, आहेत. त्याच वाड्यातल्या टेबलाच्या खणात पाच-सहा काळ्या फ्लॉप्या निघाल्या तर त्या मात्र भंगारात जातात. फार तर कोणी भाचा-पुतण्या त्यातली फाइल उघडून पाहतो, पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा कचरा दिसतो, आणि ‘करप्ट झालीय’ एवढा एक शब्द उच्चारून त्या कागदाचा दाखला लिहून मोकळा होतो.

या लेखात मांडायचे आहे ते असे की हा दाखला पुष्कळदा खोटा असतो. १९९० ते २०१० या काळात मराठीत संगणकावर जे लिहिले गेले, त्यातल्या ‘करप्ट’ समजल्या जाणाऱ्या फाइलींचा मोठा भाग मुळी बिघडलेलाच नाही. तो एका लिपीत आहे आणि आपण ती लिपी विसरलो आहोत. मोडी विसरायला आपल्याला दोन-तीन पिढ्या लागल्या. ही लिपी आपण दहा-पंधरा वर्षांत विसरलो.

माझ्यासमोरचे निमित्त लहान आहे. येवल्याचा इतिहास म्हटला की दोन गोष्टी पुढे येतात. एक, तात्या टोपे मूळचे इथले. दुसरी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेली धर्मांतराची घोषणा. या दोहोंवर लिहिले गेले आहे आणि पुढेही जाईल. ज्यावर गाव जगते त्या पैठणीच्या मागावरची बोली मात्र कोणी फारशी टिपलेली नाही. इथल्या एका निवृत्त शिक्षकांनी १९९८च्या सुमारास विणकरांच्या घरोघर हिंडून मागावरचे शब्द गोळा केले होते. मागाच्या भागांची नावे, काठांची, बुट्ट्यांची, रंगांची नावे, धागा तुटला, गाठ बसली, ताण सैल पडला की काय म्हणतात ते. दोनशेच्या आसपास नोंदी. गुरुजी गेले, ज्यांच्या तोंडून शब्द घेतले त्यांतलेही बहुतेक गेले. सूची कधी छापली गेली नाही. एका फ्लॉपीवरची एक वर्ड फाइल आणि तिच्या पहिल्या चार पानांची झेरॉक्स, एवढेच माझ्या हाती आले. फाइल उघडत नव्हती. दुरुस्त करून उघडली तेव्हा आत मराठीचे एक अक्षर नव्हते.

असे का होते हे समजायला थोडे मागे जावे लागते.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. अमेरिकेत १९६०च्या दशकात जो संकेत ठरला, त्या ‘आस्की’त १२८ क्रमांक होते. रोमन लिपीला तेवढे पुरून उरतात. पुढे एका अक्षराला आठ बिटांचे पूर्ण घर मिळाले आणि क्रमांक २५६ झाले. देवनागरीची मूळ अक्षरे एवढ्यात सहज बसतात, पण जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार, रकार धरले की नाही. हा प्रश्न छापखान्यांना जुना होता. खिळे जुळवणारा कामगार अक्षराचे तुकडे शेजारी-शेजारी लावूनच शब्द उभा करायचा. टंकयंत्राने तर तुकड्यांची संख्या आणखी खाली आणली, कारण कळा जेमतेम पंचेचाळीसच्या आसपास. ‘ण’ची स्वतंत्र कळ ठेवण्यापेक्षा दांडीशिवायचा अर्धा ‘ण्’ ठेवावा आणि पुढे कान्याची कळ दाबून दांडी द्यावी, म्हणजे एका कळेत दोन कामे होतात. काटकसर म्हणून युक्ती उत्तमच होती.

संगणक आला तेव्हा आपल्यापुढे दोन वाटा होत्या. एक वाट कानपूरच्या आयआयटीत आखली गेली आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने ती रुंद केली. क्रमांक द्यायचा तो अक्षराला, त्याच्या आकाराला नाही. ‘क’चा क्रमांक एकच. तो अर्धा दिसावा की पूर्ण, हे यंत्राने पडद्यावर दाखवताना ठरवावे. याच विचाराचा ‘इस्की’ हा भारतीय संकेत १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्यासाठी सुरुवातीला संगणकात ‘जिस्ट’ नावाचे वेगळे कार्ड बसवावे लागे, आणि ते प्रत्येकाला परवडणारे नव्हते.

दुसरी वाट बाजाराने काढली. विंडोज आले, पेजमेकर आले, लेझर प्रिंटर आला. लग्नपत्रिका, स्मरणिका, साप्ताहिके, निवडणुकीची पत्रके असा कामाचा पूर लोटला. संगणकाला इंग्रजीच येते ना, मग त्याला इंग्रजीच लिहू द्यावे आणि फाँट बदलून डोळ्यांना मराठी दाखवावे. रोमन ‘डी’च्या जागी ‘क’चे चित्र, ‘जे’च्या जागी ‘र’चे. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचेच ‘सुरेख’ आणि ‘योगेश’. प्रत्येक घराण्याची चित्रांची मांडणी निराळी. कागदावर सगळे सारखेच मराठी. फाइलीत मात्र तितक्याच लिप्या.

या वाटेला आज नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही. तिने तालुक्याच्या गावी छपाई आणली, खिळ्यांच्या धुळीतून जुळाऱ्यांना बाहेर काढले आणि पूर्वी कधी छापले गेले नसते असे पुष्कळ काही छापले. किंमत पुढे मोजावी लागणार होती आणि ती आपण आज मोजतो आहोत, एवढेच.

आता उदाहरण. कृतिदेव हा मूळचा हिंदीकडचा, टंकयंत्राच्या मांडणीवर बेतलेला फाँट. टंकयंत्रावर हात बसलेल्या मंडळींना सोयीचा, म्हणून आपल्याकडेही रुजला. त्यात ‘येवला’ टाइप करायचे तर ‘य’साठी अर्धविरामाची कळ, मात्रेसाठी ‘एस’, ‘व’साठी ‘ओ’, ‘ल’साठी ‘वाय’ आणि कान्यासाठी ‘के’. फाँट काढून घेतला की पडद्यावर उरते ते एक अर्धविराम आणि पुढे चार रोमन अक्षरे, ज्यांचा उच्चार करायचाच तर ‘सोयक’ असा होईल. गुरुजींच्या फाइलीत ‘सोयक’ जागोजागी होते. ते ओळखू आले आणि फाइल मेलेली नाही हे कळले. ‘पैठणी’ तर याहून मजेदार. ‘आय’, मोठा ‘एस’, मोठा ‘बी’, मग पूर्णविराम, ‘के’ आणि ‘एच’. हा पूर्णविराम म्हणजे दांडीविना ‘ण्’, आणि ‘के’ म्हणजे त्याची दांडी. तोच ‘के’ ‘येवला’त काना असतो. कोणता ‘के’ काना आणि कोणता दांडी हे आधीच्या चिन्हावरून ठरते. मोडीत एकाच वळणाचा अर्थ शेजारच्या अक्षरावरून लावावा लागतो, त्यातलाच हा प्रकार.

येथे एक फसगत आहे आणि ती अनेक फाइलींच्या मुळावर आली आहे. वर्डची फाइल खरोखर खराब झाली, तर तिच्यातला मजकूर तेवढा ओरबाडून काढण्याची सोय वर्डमध्येच आहे. तो मजकूर निघतो, पण अक्षरांची सजावट मागे राहते, म्हणजे फाँटही जातो. इंग्रजी मजकुराचे त्याने काही बिघडत नाही. मराठीचा मात्र ‘सोयक’ होतो. दुरुस्ती यशस्वी झालेली असते, आणि माणूस पडद्याकडे पाहून ती फसली असे समजतो. पहिला आजार बरा होतो त्या क्षणी दुसरा उघडा पडतो, आणि दोन्ही एकच समजून रुग्णाला स्मशानात नेले जाते.

खरा बिघाड कसा असतो, तेही पाहू. फ्लॉपीची साठवण १.४४ एमबी, आणि ती ५१२ बाइटांच्या कप्प्यांत विभागलेली. चुंबकीय थर झिजला की एखादा कप्पा वाचता येत नाही. नेहमीच्या पद्धतीने फाइल उतरवायला गेले की संगणक त्या कप्प्याशी अडतो आणि सगळीच नाकारतो. खराब कप्पा ओलांडून उरलेले सगळे उचलणारी साधने आहेत आणि फुकट मिळतात. पहिले काम नेहमी हेच करावे. फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत घ्यावी आणि मग मूळ फ्लॉपीला हात लावू नये. प्रत्येक वाचनाला चकतीवर डोके घासते.

वर्डची जुनी फाइल, ज्या जातीची २००३पर्यंत होई ती, आतून एका लहानशा कपाटासारखी असते. वेगवेगळ्या खणांत मजकूर, सजावट, मोजमापे, आणि कोणता खण कुठे आहे हे सांगणारी एक अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेचाच कप्पा गेला तर कपाट उघडत नाही, पण खण शाबूत असतात. मजकूर दाबून भरलेला नसतो, त्यामुळे एक कप्पा गेला तर तेवढाच परिच्छेद जातो. २००७नंतरची फाइल मात्र खरे तर एक झिप गाठोडे आहे. त्याची यादी शेवटी असते, म्हणून अर्धवट उतरलेली फाइल उघडत नाही. यादीविना आतला मजकूर शोधून काढता येतो, पण तो दाबून भरलेला असल्यामुळे मध्येच छिद्र पडले तर त्या पुढचे बहुधा हातचे जाते. नवी बांधणी एरवी चांगली आहे. वाळवीच्या बाबतीत मात्र जुनी खंबीर.

गुरुजींच्या फाइलीची अनुक्रमणिका गेली होती आणि मजकुरातला एक तुकडा. बाकी निघाले. निघाले ते अपेक्षेपेक्षा जास्तच. जुन्या वर्डमध्ये ‘झटपट जतन’ अशी एक सोय असे. तीत बदललेला मजकूर जुन्या जागी न लिहिता फाइलीच्या शेवटी जोडला जाई, आणि खोडलेला भाग नजरेआड होई, पण आत तसाच राही. कोणता तुकडा चालू आणि कोणता रद्द, हे एका तक्त्यात नोंदलेले असे. त्यामुळे ओरबाडून काढलेल्या मजकुरात काही नोंदी दोन-दोनदा आल्या, एक आधीची, एक सुधारलेली. कागदावरची खोडाखोड वाचणाऱ्या कोणत्याही इतिहासकाराला याचा आनंद कळेल. संगणकावरचे लेखन खाडाखोडीचा माग ठेवत नाही, ही आपली समजूत त्या काळापुरती तरी खरी नाही.

पुढचे काम या मजकुराचे युनिकोडमध्ये लिप्यंतर. त्यासाठी तयार परिवर्तक आहेत आणि ते क्षणात काम करतात. माझ्या मते खरा धोका येथून सुरू होतो. कचरा दिसणारी फाइल निदान सावध तरी करते. नऊ भाग बरोबर आणि दहावा भाग गुपचूप चुकलेली फाइल कोणाला सावध करत नाही.

जुने फाँट डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने चालत. ‘किनार’ लिहिताना पहिली वेलांटी आधी टंकली जाई, ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी ‘क’, मग वेलांटी. रफाराचे उलट. ‘कार्य’मध्ये तो ‘य’च्या नंतर टंकलेला असे, त्याला उचलून ‘य’च्या आधी न्यावे लागते. साध्या शब्दांत हे जमते. वेलांटी, जोडाक्षर आणि रफार एकत्र आले की परिवर्तक डळमळतात. त्यातून हिंदीसाठी केलेल्या परिवर्तकाला आपला ‘ऱ्य’ ठाऊक नसतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे, पण परिवर्तक ‘विणणाऱ्या बायका’ना ‘विणणार्या’ करून मोकळा होतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, तर डोंगराच्या जागी समुद्र येतो आणि शुद्धलेखन तपासनीस हूं की चूं करत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

शिवाय वर्डला इंग्रजीची काळजी वाहण्याची सवय. परिच्छेदाचे पहिले अक्षर तो आपण होऊन मोठे करतो. कृतिदेवात लहान ‘डी’ म्हणजे ‘क’ आणि मोठा ‘डी’ म्हणजे अर्धा ‘क्’. सरळ अवतरणचिन्ह तो वाकडे करतो. कृतिदेवात एकेरी सरळ चिन्ह म्हणजे अर्धा ‘श्’ आणि दुहेरी म्हणजे अर्धा ‘ष्’. चिन्ह वाकडे झाले की त्याचा क्रमांक बदलतो, आणि तो परिवर्तकाच्या यादीत नसला तर ‘श’ची नुसती दांडी उरते. कोणी उत्साही माणूस मजकूर साफ करायला बसला आणि अर्धविरामाआधीच्या मोकळ्या जागा त्याने एका झटक्यात काढून टाकल्या, की ‘य’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द मागच्याला चिकटला. येवल्याच्या इतिहासावरच्या मजकुरात हे किती वेळा होईल, याची कल्पनाच करावी.

चालू गद्यात अशा चुका अर्थावरून दुरुस्त करता येतात. ‘विणणार्या’ दिसले तर वाचणारा मनातच ‘विणणाऱ्या’ वाचतो. शब्दसूचीत ही सोय नाही. तिच्यातला शब्द कोणत्याही कोशात नसतो, म्हणून तर तो टिपलेला असतो. तेथे एक काना गेला तर काय गेले हे कळायला दुसरा आधार नाही. गुरुजींनी सूची अकारविल्हे लावली होती, तीही संगणकाकरवी. म्हणजे लागली ती रोमन क्रमाने. पहिल्या वेलांटीचे सगळे शब्द ‘एफ’खाली एकत्र. प्रथम मला तो घोळ वाटला. मग लक्षात आले की हा क्रमच एक साक्षीदार आहे. एखाद्या नोंदीचे पहिले चिन्ह संशयास्पद असेल, तर तिच्या मागच्या-पुढच्या नोंदी पाहून ते कोणत्या दोन चिन्हांच्या मध्ये असायला हवे हे सांगता येते. अशा काही नोंदी तेवढ्यावर सुटल्या. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की लिप्यंतर झाले तरी मूळ फाइल, आणि शक्य असेल तर तो फाँटही, जपून ठेवावा. नव्या प्रतीत सूची बाराखडीच्या क्रमाने लावली की हा साक्षीदार गेला.

मागावर गोष्ट वेगळी असते. जकार्डची पुठ्ठ्याची पत्ती घ्या. छिद्र असले तर धागा उचलायचा, नसले तर नाही. संगणकाच्या इतिहासातही तिला मानाचे स्थान आहे. पत्तीत एक भोक चुकले तर नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात तोच धागा चुकतो आणि दोन बोटे कापड विणून होण्याआधी विणकराच्या डोळ्यांत येतो. फाइलीतली चूक अशी पुन्हापुन्हा समोर येत नाही.

यावर कायमचा उपाय निघाला होता आणि तो फार लवकर निघाला होता, हे या कथेतले वैषम्य. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१चीच, आणि देवनागरीची मांडणी तिने इस्कीवरूनच घेतलेली. विंडोज २०००मध्ये ती प्रत्यक्ष वापरता येऊ लागली, सोबत ‘मंगल’ हा फाँट, जो घडवला होता र. कृ. जोशी यांनी. पण छपाईचे घोडे पेजमेकरवर अडले होते आणि पेजमेकरला युनिकोड कधीच आले नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनला देवनागरी धड जमायला २०१२ उजाडले. मराठीला रोज लागणारा ‘ॲ’देखील युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाला. त्यामुळे दोन्ही वाटा वीस वर्षे शेजारून चालत राहिल्या, आणि छापील पानाखालच्या फाइली जुन्याच लिप्यांत साठत गेल्या. संस्थांचे अहवाल, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, पतपेढ्यांची इतिवृत्ते, घराण्यांच्या वंशावळी. छापील प्रत जेथे आहे तेथे चिंता नाही. कागदावरचा ‘ण’ हा ‘ण’च असतो.

गुरुजींच्या सूचीचे शेवटचे सांगतो. चार पानांच्या झेरॉक्सवरून तेवढ्या भागाचा संकेत पक्का झाला आणि त्या किल्लीने बाकीचे वाचले. फणी, धोटा, नारळी काठ, बांगडीमोर हे सरळ आले. वाचता न आलेल्या नोंदी खराब कप्प्याच्या जागी होत्या, त्या गेल्याच. एक नोंद मात्र अडून राहिली. वेलबुट्टीच्या एका प्रकाराचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी होते. एकीकडे ‘असावली’, दुसरीकडे ‘असवली’. फरक एका ‘के’चा. फाइलीतली जागा पाहता दुसरे रूप नंतर जोडलेले दिसते, म्हणजे गुरुजींनी ते ऐकून सुधारले असावे. पण चालू कोणते आणि रद्द कोणते हे सांगणारा तक्ताच नष्ट झालेला, आणि नुसत्या जागेवरून खात्री देता येत नाही. मागावर जाऊन विचारले तर दोन्ही रूपे ऐकू येतात. सूचीच्या प्रतीत दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली आहेत, आणि समोर टीप दिली आहे की मूळ फाइलीत ही दोन रूपे कोणत्या जागी सापडली.